कोणतं ठेवायचं

मोठ्या कंपनीने लहान कंपनी विकत घेतली. दोघींचं सॉफ्टवेअर एकाच कामाचं, गिऱ्हाइकांच्या तक्रारी नोंदवायचं. आणि एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? तेव्हा लहानीचं बंद करायचं ठरलं. ज्या बाईंनी ते अकरा वर्षं लेकरासारखं वाढवलं, त्यांनाच ते गुंडाळायला बसवलं. ते गेलं की त्यांच्यासकट नऊ जणांची नोकरी जाणार होती.

"मॅडम, मन मोठं करा," नवे साहेब म्हणाले. "आमचं सॉफ्टवेअर दणकट आहे. कुणाची कुरकुर म्हणून नाही."

"केलं मोठं," बाई अगदी भोळा चेहरा करून म्हणाल्या. "फक्त तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल आलेल्या तक्रारींची यादी एकदा दाखवा, साहेब. कोरी असली तरी बंद करण्याच्या अहवालाला जोडते."

साहेबांनी ऐटीत आपल्या इंजिनिअरला यादी उघडायला सांगितली. तो जागचा हलेना.

"अरे, उघड ना. कुठे ठेवतोस त्या तक्रारी?"

 

"मॅडमच्या सॉफ्टवेअरमध्ये, सर. आपलं बंद पडल्याची तक्रार बंद पडलेल्यातच कशी नोंदवणार?"