कुंपणावरचे डबे

बॉयड टॅकेटच्या बंदुकांच्या दुकानात इमोजीनबाई आल्या आणि त्यांनी काचेखालच्या सगळ्यात स्वस्त, तळहाताएवढ्या पिस्तुलावर बोट ठेवलं. "नवऱ्याचा वाढदिवस आहे. रविवारी परसात नेमबाजी करायला हवंय त्याला."

बॉयडचा जन्म केंटकीत बंदुका विकण्यात गेला होता, पण ओळखीच्या माणसाला टोपी घालणं काही त्याला जमत नसे. "बाई, त्यापेक्षा त्याला गोफण द्या. याचा चाप ओढला की गोळी आतच अडकून बसते. मग चष्मा लावून टोकरत बसायचं अर्धा तास."

"दरवेळी अडकते?"

"अगदी नेमानं! इतक्या नेमानं तर आमचे पाद्रीही प्रार्थना करत नाहीत."

"मग हेच बांधून दे."

बॉयडनं कपाळाला हात लावला. "अहो, हे शेजारचं बघा तरी. लोण्यासारखं चालतं."

"तेच घ्यायला तो उद्या येणार होता. म्हणून तर मी आज धावत आले."

"धन्य आहे तुमची! बरं, नेम धरणार कशावर?"

"बिअरच्या डब्यांवर."

"रिकाम्या ना?"

"आधी तोच रिकामे करतो. सगळे."

बॉयड खो खो हसला. "आणि कुंपणावर मांडतं कोण?"

"मी," पर्स उघडत इमोजीनबाई म्हणाल्या. "आणि मी बाजूला होईपर्यंत त्याला दम निघत नाही."