पान जागं होईपर्यंत

आकडा पुन्हा नऊवरच अडला.

धाकटीनं यंत्राच्या काचेच्या पेटीचा चाप सोडला, आतलं पान मोकळं केलं, शेजारच्या रोपाचं पान धरलं. आठ. तिसऱ्याचं. नऊ. याच रोपांना अण्णांनी हात लावला की यंत्र चौदा दाखवायचं. चौदा म्हणजे पान हवेतला कार्बन डायऑक्साइड अधाशासारखं खातंय. नऊ म्हणजे चारचौघांसारखं साधं झाड.

रबर? पेटीच्या कडेचं रबर झिजलं की बाहेरची हवा आत घुसते. नवं बसवलं. नऊ.

नळी? साबणाचं पाणी लावून पाहिली. एक बुडबुडा नाही.

हवा सुकवणारे खडे बदलले. दिवा पुसला. पान पेटीत पुरतं बसलंय का, ओलं तर नाही, उन्हानं सुस्तावलं तर नाही, पान माझ्यावर रुसलं तर...

इथे तिचं तिलाच हसू आलं. मग रडू आलं. नक्की काय येतंय तेच कळेना.

रोपांचा हा नवा वाण अण्णांचा. प्रयोगशाळेत सगळे त्यांना अण्णाच म्हणत, आणि हिला धाकटी. अण्णांचं अर्धं आयुष्य या रोपांत गेलं होतं. येत्या आठवड्यात बियाणं गावोगाव जाणार होतं. त्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी हातून तेच आकडे यायला हवे होते. तो दुसरा हात धाकटीचा. आकडे जुळले तर तिची नोकरी पक्की. नाही जुळले तर काय, हे अण्णा रागावून बोलले नव्हते. "नाही जमत तर नाही म्हण गं. दुसऱ्या कुणाला तरी देऊ," इतकंच म्हणाले होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुझ्या हाताला झाडं घाबरतात," शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणायचा. घरी ताईचं वेगळंच. "पान कमी जेवलं म्हणून तू का उपाशी? वाढू का?"

आलेला प्रत्येक नऊ धाकटी चुकीचा म्हणून खोडत होती. महिनाभर.

आता एकच तपासणी उरली होती. तिनं हिरव्या फाइलच्या पुठ्ठ्यावरचा पातळ कागद सोलला, पानाच्या आकाराचा कापला आणि पेटीत धरला. कागद काही खात नाही. आकडा शून्यच यायला हवा. शून्य नाही आला तर यंत्र खोटारडं, आणि आपण सुटलो.

शून्य आला. हलला नाही.

म्हणजे यंत्र खरं. म्हणजे खोट आपल्यात. कागद पेटीतून काढायचंही तिला सुचलं नाही.

तेवढ्यात अण्णा आत आले. दार लोटलं. दाढीवाला आणि बाकीचे पलीकडे चहाला गेले होते.

"अजून नऊच का? सरक बघू." स्टूल ओढून ते बसले. त्यांची नजर अधू झाली होती. नाक यंत्राच्या पडद्याला टेकायचंच बाकी. "पानाला वेळ द्यावा लागतो. तू घाई करतेस. ते झोपलेलं असतं. जागं होऊ द्यायचं, मग आकडा घ्यायचा."

ती सांगणारच होती. तोंड उघडलंही होतं.

आकडा चढू लागला.

दोन. पाच. नऊ.

"हं. उठतंय बघ." आकडा घसरला. "डुलकी लागली. थांब जरा." पुन्हा चढला. अकरा. चौदा. "आता! लिही पटकन."

धाकटीच्या हातात पेन तसंच राहिलं. पेटीत कागद होता. कागद चौदा खात होता. आपल्याला वेड तर लागलं नाही ना, म्हणून तिनं पेटीच्या काचेतून वाकून पाहिलं. कागदच.

मग तिची नजर अण्णांच्या हनुवटीखाली गेली.

पानावर श्वास सोडायचा नाही, हे पहिल्याच दिवशी त्यांनीच तिला शिकवलं होतं. स्वतःही तोंड पानाकडून वळवून पडद्याकडे धरत. आणि बाहेरची हवा ओढणारी नळी पडद्याच्या खालीच लोंबत होती. यंत्र पेटीत जाणाऱ्या आणि पेटीतून बाहेर पडणाऱ्या हवेतला फरक दाखवायचं. त्यांचा उच्छ्वास नळीत जायचा. आत येणाऱ्या हवेत कार्बन वाढलेला मोजला जायचा, पण पेटी ओलांडून तो बाहेर पडणाऱ्या हवेत पोचेपर्यंत क्षणभर जायचा. तेवढा वेळ यंत्राला वाटायचं, मधल्या पानानं खाल्ला.

"लिहितेस ना?"

"अण्णा, पेटीत पान नाहीये."

"मग काय आहे?" ते हसत होते.

"कागद."

हसू चेहऱ्यावरच राहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पेटीत डोकावले. मग नळीकडे पाहिलं. त्यांनी श्वास रोखला. आकडा उतरत गेला. शून्यावर येऊन थांबला. त्यांचा चेहरा लाल झाला, तरी सोडेनात. शेवटी सोडला. आकडा चढला. त्यांनी पुन्हा रोखला, जणू या खेपेला काही वेगळं होईल.

वेगळं काही झालं नाही.

"कुणी पाहिलं हे?" आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"कुणीच नाही. मीच." ती अडखळली. "मी कुणाला... म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं."

अण्णांनी बंद दाराकडे पाहिलं. पलीकडून दाढीवाल्याचं हसणं ऐकू येत होतं. कागद काढून मुठीत चुरगळायला क्षणही लागला नसता. त्यांचा हात पेटीच्या चापापर्यंत गेलासुद्धा.

तिथून त्यांनी तो मागे घेतला.

"सगळ्यांना आत बोलाव," अण्णा म्हणाले. "आणि कागद तसाच राहू दे. त्यांच्यासमोर मी परत बसतो."