निळ्या शाईतला नकार

बारावं पाकीटही परत आलं. वर नेहमीसारखं इंग्रजीत ‘रिफ्यूज्ड’, खाली तारीख आणि गजेंद्र शितोळे अशी पूर्ण सही. अंबत्तूरच्या त्या कचेरीत परत आलेली पाकिटं रोजच येत. कुणी घर बदललेलं असे, कुणी वारलेलं असे. पण नकार देऊन वर सही ठोकणारा माणूस सगळ्या चेन्नईत एकच होता.

ऊर्मीने पाकीट उघडलं नाही. आधीच्या अकरांवर ठेवलं आणि खण लावून घेतला.

ऊर्मी जिथे काम करायची ती संस्था ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा चालवायची. दर दोन महिन्यांनी हजारो पत्त्यांवर पाकिटं जात. आत मदतीचं आवाहन, देणगीची चिठ्ठी आणि एक छोटीशी भेट. कधी निळं बॉलपेन, कधी रुमाल, कधी मुलांनी रंगवलेली भेटकार्डं. भेट फुकट. पण फुकट आलेलं पेन खिशाला लावून हिंडताना माणूस अवघडतो आणि चार दिवसांनी चेक लिहायला बसतो. शाळेचा सगळा गाडा या अवघडण्यावर चालला होता.

नेमकी हीच गोष्ट शितोळ्यांच्या डोक्यात जायची. ते पोस्टमास्तर म्हणून निवृत्त होऊन अण्णा नगरला राहत होते, आणि ते ऊर्मीचे वडील होते.

ऊर्मीने टपाल खात्यातली पक्की नोकरी सोडून ही धरली, तेव्हा घरात व्हायचं ते झालं. लोकांना भिडेला घालून पैसे काढायचे याला मी चांगलं काम म्हणत नाही, असं बाबा म्हणाले. तुमचं एक पेनसुद्धा या घरात राहणार नाही, असंही म्हणाले. पोस्टमनसुद्धा तेव्हा दारातच उभा होता, त्यामुळे बोललेलं मागे घ्यायची सोय उरली नाही.

ऊर्मीही त्यांचीच मुलगी. बॅग उचलताना ती म्हणाली, “ज्या दिवशी तुम्ही एक तरी वस्तू ठेवून घ्याल, त्या दिवशी मी परत येईन. तोवर नाही.”

आई असती तर तिने दोघांनाही फैलावर घेतलं असतं. ती नव्हती. त्यामुळे एका बसच्या अंतरावर राहून बाप-लेकींनी दोन वर्षं एकमेकांना फोन केला नाही.

पाकिटं मात्र ऊर्मीने चुकू दिली नाहीत. बाकीच्यांना छापील पत्ते चिकटवले जात, हा एक पत्ता ती हाताने लिहायची. भेटही स्वतः निवडून भरायची. कधीतरी एखादी वस्तू आवडेल, ठेवून घ्यावीशी वाटेल, पाकीट परत येणार नाही, एवढीच तिची आशा होती.

परत आलेल्या पाकिटावरच्या सहीवरून तिला बाबांची तब्येत कळायची. या खेपेला ‘श’ चांगलाच थरथरला होता. शिवाय उभी हयात शाईच्या पेनावर काढलेला हा माणूस, बॉलपेनला खेळणं म्हणणारा, पण बाराही पाकिटांवर अक्षरं निळ्या बॉलपेनची होती. शाईचं पेन आता पेलवत नसेल, असं तिला वाटे.

हरिप्रसाद हा तिचा वरिष्ठ, मनाने चांगला पण चिकट. त्याने बारावं पाकीट येताना पाहिलं होतं. तो तमिळमध्ये म्हणाला की हे नाव आता यादीतून काढ. मग कुतूहलाने विचारलं, लोक दारातच नकार देतात तेव्हा पाकीट तीन दिवसांत परत येतं, मग या म्हाताऱ्याच्या पाकिटाला दर वेळी दहा दिवस कसे लागतात?

“रागाने टेबलावर टाकून ठेवत असतील,” ऊर्मी म्हणाली. “नाव मी काढणार नाही. तेरावं जाईल, चौदावंही जाईल.”

हरिप्रसादने तिच्याकडे पाहिलं आणि वाद सोडून दिला. पण निदान खण तरी रिकामा कर, असं तो म्हणाला. पुढच्या खेपेला पेनं कमी पडत होती आणि भरलेली पाकिटं कुणाच्या उपयोगाची नव्हती.

ऊर्मीला ती फोडवत नव्हती. एक दिवस बाराही पाकिटं जशीच्या तशी बाबांपुढे मांडायची असं तिने ठरवलं होतं. आत काय आहे हे तिला ठाऊकच होतं, तिनेच तर भरलं होतं. आणि बाबांनी ती उघडली असतील अशी शंकाही तिला कधी शिवली नाही. एकदा उघडलेलं पाकीट नाकारता येत नाही, हा नियम त्यांनी तिला लहानपणीच पाठ करून घेतला होता. पाकीट पुन्हा चिकटवून आणणाऱ्या सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी पोस्टाच्या खिडकीवरून परत पाठवलं होतं.

पण पेनं मुलांची होती. तिने सगळ्यात खालचं, पहिलं पाकीट काढलं. वरून चाचपलं. आत पेन होतं. तिने कडेने पाकीट फाडलं आणि टेबलावर उपडं केलं.

पेन घरंगळत बाहेर आलं. ते काळं होतं, शाईचं, टोपणाला दोरा गुंडाळलेलं. बाबांनी पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षं वापरलेलं.

मागोमाग देणगीची चिठ्ठी पडली. तिच्या पाठीवर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, ‘तुझं पेन ठेवून घेतलं. फुकटचं घेत नाही, म्हणून माझं दिलं आहे. आता घरी ये.’

खाली तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. खणात अजून अकरा पाकिटं होती.