परवाचा बॅकअप

कंपनीचा सगळा कारभार चालवणारं क्लाउडवरचं व्हर्च्युअल मशीन ऋजुताच्या हातून चुकून डिलीट झालं, आणि सकाळपासून अख्खं ऑफिस हातावर हात धरून बसलं.

"बॅकअप आहे ना?" बर्वेसाहेबांनी पुन्हा विचारलं.

"आहे, पण परवाचा. काल केलेलं काहीच परत येणार नाही."

दुपारी मशीन रिस्टोअर होऊन सुरू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरचा निरंजन मात्र स्क्रीनवर काहीतरी शोधत होता.

"तुझं काय गेलं?" ऋजुतानं विचारलं.

"राजीनामा. काल साहेबांशी भांडून सिस्टिममध्ये टाकला होता. शुद्धलेखनसुद्धा तपासून!"

मागे उभ्या बर्वेसाहेबांनी स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. "मला तर काही दिसत नाही बुवा. परत टाकणार का?"

निरंजनला हसू आवरेना. "राहू दे, साहेब. तेवढं चिडणं आता परत जमणार नाही."