स्टेलाचा तोल

मृण्मयीने लेकीच्या, इराच्या, लाइफ जॅकेटचा पट्टा तिसऱ्यांदा ओढून पाहिला. शर्यतीच्या या नव्या फायबरच्या होड्यांचा तळ बसणाऱ्याचं वजन आणि सवयी शिकून घ्यायचा, नि वारा फिरायच्या आत स्वतःच तोल सांभाळायचा. ही होडी मात्र वापरलेली होती.

"रुजारकाका, तळातली आधीच्या पोरीची आठवण पुसलीत ना?"

"पुसली गो बाय. किती वेळा विचारशील?" होडी घडवणारे रुजारकाका तिच्याकडे न बघताच म्हणाले.

इरा होडीत बसली. वारा पडलेला, खाडी तव्यासारखी सपाट, तरी होडी डावीकडे कलली.

"आई, शेजारी कुणीतरी बसलंय असं वाटतंय!" इरा हसली.

मृण्मयीने तिला दंडाला धरून धक्क्यावर ओढलं. होडी रिकामी झाली, पण कललेली ती कललेलीच राहिली.

"काका, कोण होती ती?"

"माझी लेक, स्टेला. गेल्या साली बुडाली. पुसायला हात धजला नाही गो. एकदाच तिला पुन्हा शर्यतीत बघायचं होतं."

रुजारकाका गुडघ्यांवर बसले. होडीच्या काठावरून त्यांनी हात फिरवला.

"स्टेला, पुरे हां आता. घरी चल, बाय."

होडी हळूच सरळ झाली.