पंख्याची धाप

दुपारी आडवं होता होता बाबा म्हणाले, "तो लॅपटॉप माझ्यासारखाच म्हातारा झालाय गं. दोघांनाही धाप लागते."

"त्याला निदान खोलून साफ तरी करता येतं!" लेक हसली.

शेजारच्या खोलीत तिने लॅपटॉप पालथा घातला आणि मागचं झाकण काढलं. पंखा कुठे अडतोय ते दिसावं म्हणून तो चालूच ठेवला. इकडे पंखा खरखरत होता, भिंतीपलीकडे बाबा घोरत होते.

पात्यांत मऊ धूळ साचली होती. ती काढायला तिने टूथपिक अडकवून पंखा थांबवला.

भिंतीपलीकडचं घोरणं थांबलं.

कूस बदलली असेल, म्हणत तिने टूथपिक काढली. पंखा गरगरला, आणि बुडता माणूस वर यावा तसा बाबांनी श्वास ओढला.

तिने पुन्हा लावून पाहिली. पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा हात धजला नाही.

तेवढ्यात लॅपटॉप आपणहून बंद पडला. पाती मंदावली, थांबली. तिने बटण दाबलं, दाबून धरलं. काहीच नाही. मग बोटाच्या टोकाने पातं ढकललं. पलीकडे एक श्वास आला. पुन्हा ढकललं. आणखी एक.

"फिर रे राजा, फिर," ती पुटपुटत राहिली.

फोन बाबांच्या उशाशी होता. आई संध्याकाळी येणार होती. बोटाला आताच कळ लागली होती.

"बाबा!" तिने हाक मारली.

"झाला... का गं... दुरुस्त?" बाबांनी विचारलं.

त्यांच्या एकेका शब्दासाठी तिला पातं ढकलावं लागलं.