उडालेला एडिटर

सकाळपासून तिची मान आखडली होती. मुद्रितशोधक वडिलांच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर मजकूर तपासायचा नवा एडिटर प्रोग्रॅम चालेना, म्हणून जुन्याचाच कोड शोधून ती तो कंपाइल करत, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवत होती. चारदा गाडं अर्ध्यावर अडलं. "बाबा, नवा लॅपटॉप धूळ खातोय की!" "बोटांना जुन्याच एडिटरची सवय. कसा उडाला, देव जाणे. फोन करताच तू धावत आलीस म्हणून बरं," म्हणत वडिलांनी तिसरा चहा आणला. पाचव्यांदा एकदाचं गंगेत घोडं न्हालं. तिने कॉम्प्युटरमधल्या नोंदी सहज चाळल्या. एडिटर उडाला नव्हता. रविवारी तिने 'यंदा यायला जमणार नाही' असं फोनवर सांगितल्यावर दहाच मिनिटांनी बाबांनीच तो काढून टाकला होता. वळून पाहिलं, तर वडील दारातल्या तिच्या बॅगेकडे चोरून बघत होते. झालेलं सगळं पुसून तिने पुन्हा पहिल्यापासून कंपाइल लावलं. "बाबा, हे काही आज होत नाही. मुक्कामच करावा लागणार."